मेगाबिट की मेगाबाइट? नेटचा स्पीड आणि जुन्या हार्ड डिस्कचा स्पीड एकाच मापात कसा आणायचा

दिवाळीची साफसफाई झाली की मला दोन-तीन ओळखीच्या लोकांचा हमखास एकच प्रश्न येतो. माळ्यावर जुना कॉम्प्युटर सापडलेला असतो. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये लहानपणीचे फोटो असतात, आई-बाबांच्या लग्नाची सीडीवरून कॉपी केलेली फिल्म असते, कुणाचा तरी प्रोजेक्ट असतो. ते सगळं आता फोनवर किंवा क्लाऊडवर घ्यायचं असतं. किती वेळ लागेल? एका रात्रीत होईल का? कन्व्हर्टर स्वस्तातला चालेल की महागातला घ्यावा?

हे सगळं आधी कागदावर काढता येतं. अडचण एवढीच की प्रत्येक वस्तूवरचा आकडा वेगळ्या मापात लिहिलेला असतो. जुन्या डिस्कच्या माहितीत ‘अल्ट्रा एटीए १००’ असं असतं आणि आपल्या नेटचा प्लॅनही १०० चाच असतो. म्हणजे दोन्ही सारखे? अजिबात नाही. डिस्कचा १०० हा नेटच्या १०० च्या आठपट आहे. आणि नव्या साटा डिस्कवर नुसता ६ लिहिलेला असतो, तो या दोन्ही १०० पेक्षा मोठा आहे!

हे कोडं कसं सोडवायचं ते आज बघू.

आधी बिट आणि बाइट

बिट म्हणजे एक ० किंवा एक १. असे आठ बिट मिळून एक बाइट. इंग्रजीत लिहिताना लहान ‘बी’ म्हणजे बिट आणि कॅपिटल ‘बी’ म्हणजे बाइट, फरक एवढाच. देवनागरीत तर तोही उरत नाही. ‘एमबीपीएस’ लिहिलं की त्याचा अर्थ मेगाबिट आहे की मेगाबाइट हे कळायला काही मार्गच नाही. (आपल्याकडच्या बातम्यांमध्ये आणि जाहिरातींमध्ये हा घोळ रोज दिसतो.) म्हणून या लेखात मी सगळीकडे पूर्ण शब्द लिहिणार आहे, थोडं लांबलचक वाटलं तरी चालेल.

नेटचा प्लॅन, राउटरचा खोका, स्पीड टेस्टचं अ‍ॅप, वायफायचा लिंक स्पीड हे सगळं मेगाबिट प्रति सेकंदात असतं. फाइलचा साइज, कॉपी करताना दिसणारा स्पीड आणि जुन्या डिस्कचा इंटरफेस हे मेगाबाइटमध्ये असतं. नेटचा आकडा मेगाबाइटमध्ये आणायचा तर ८ ने भागायचं. तोंडी करायचं असेल तर तीनदा निम्मं करा: १०० चे ५०, ५० चे २५, २५ चे साडेबारा. म्हणजे १०० मेगाबिटच्या नेटवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट येणार. ४० मेगाबिट असेल तर ५ मेगाबाइट, ३०० असेल तर ३७.५. उलट जायचं असेल तर तीनदा दुप्पट करा.

नेट बिटमध्ये का आणि डिस्क बाइटमध्ये का?

कुणी मुद्दाम फसवायला हे केलेलं नाही, जरी १२.५ पेक्षा १०० हा आकडा जाहिरातीत छान दिसत असला तरी. टेलिफोनच्या तारेवरून बिट एकामागून एक, रांगेत जातात. त्यामुळे सेकंदाला किती बिट गेले हेच मोजलं गेलं. शिवाय सुरुवातीच्या कॉम्प्युटरमध्ये एक अक्षर म्हणजे आठच बिट असंही ठरलेलं नव्हतं. काही मशीनमध्ये ते सहा बिटांचं असायचं. दोन वेगळ्या मशीन जोडणाऱ्या तारेचा स्पीड सांगताना बिट हेच सुरक्षित माप होतं.

डिस्कची गोष्ट वेगळी. डिस्कवर डेटा सेक्टरमध्ये असतो आणि जुन्या हार्ड डिस्कचा एक सेक्टर ५१२ बाइटचा. जुन्या सीपीयूमधली ती राखाडी, रुंद, पट्टीसारखी केबल तुम्ही पाहिली असेल. ती आयडीईची केबल. तिच्यात डेटासाठी १६ तारा असतात आणि एका ठोक्याला १६ बिट, म्हणजे २ बाइट, शेजारी-शेजारी जातात. अल्ट्रा एटीए १०० मध्ये दर २० नॅनोसेकंदाला असा एक ठोका पडतो. एका सेकंदात २० नॅनोसेकंद ५ कोटी वेळा बसतात. ५ कोटी गुणिले २ बाइट, म्हणजे १० कोटी बाइट, म्हणजेच १०० मेगाबाइट. नावातला १०० इथून आला. अल्ट्रा एटीए ३३ मध्ये ठोका ६० नॅनोसेकंदाला, ६६ मध्ये ३० ला आणि १३३ मध्ये १५ ला. हे चारही आकडे आधीच मेगाबाइटमध्ये आहेत, त्यांना कशानेही भागायचं नाही.

त्याआधीचा पीआयओ नावाचा प्रकार होता, त्यात स्पीड ३.३ पासून १६.७ मेगाबाइटपर्यंत. हा फक्त इतिहास नाही. विंडोज एक्सपीला डिस्क वाचताना वारंवार चुका आढळल्या तर ती गुपचूप डिस्कला पीआयओवर उतरवायची आणि अख्खा कॉम्प्युटर रडतखडत चालायचा. जुना कॉम्प्युटर चालू करून त्यातूनच कॉपी करायचा विचार असेल आणि स्पीड २-३ मेगाबाइटच्या पुढे जात नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनेलचा मोड बघा.

केबलचीही एक गोम आहे. ३३ च्या पुढच्या स्पीडसाठी ८० तारांची केबल लागते. दोन्ही केबलच्या टोकाला पिना सारख्याच, ४० च. जादाच्या ४० तारा नुसत्या ग्राउंडच्या, शेजारच्या तारांचा गोंगाट अडवायला. ४० तारांची जुनी केबल लावली तर १३३ ची डिस्कसुद्धा ३३ वरच चालते. ओळखायचं कसं? ८० वाल्या केबलवरच्या रेघा फार बारीक असतात, हाताला जवळजवळ गुळगुळीत लागते.

सर्व्हरमध्ये आणि महागड्या कॉम्प्युटरमध्ये स्कझी असायची. तिचे आकडेही सरळ मेगाबाइटमध्येच: ५ पासून सुरू होऊन १०, २०, ४०, ८०, १६० आणि शेवटी ३२०. घरातल्या डिस्कशी तिचा संबंध येण्याची शक्यता कमी, म्हणून पुढे जाऊ.

साटा आली आणि ८ चे १० झाले

२००३ मध्ये साटा आली. रुंद पट्टी गेली, बोटाएवढी अरुंद केबल आली आणि आकडा एकदम गिगाबिटमध्ये लिहायला लागले: १.५ गिगाबिट. आता १,५०० भागिले ८ केलं तर १८७.५ मेगाबाइट येतात. पण माहितीपत्रकात १५० लिहिलेलं असतं. मग ३७.५ मेगाबाइट गेले कुठे?

लेझीम खेळताना हलगीच्या ठेक्यावर पावलं पडतात. हलगी मध्येच बराच वेळ गप्प राहिली तर प्रत्येकाची मोजणी थोडी-थोडी चुकत जाते आणि सगळी रांग विस्कटते. साटाच्या केबलमध्ये ठेका देणारी वेगळी तारच नसते. पलीकडची चिप येणाऱ्या सिग्नलच्या चढ-उतारावरूनच ठेका पकडते. समजा ओळीने शंभर शून्यं आली, तर सिग्नल सपाट होणार आणि शंभर गेली की एकशे एक, हे सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक ८ बिटांच्या जागी १० बिटांचा असा नमुना पाठवतात की ज्यात चढ-उतार असतातच. तारेवरून १० गेले तरी आपल्या कामाचे ८ च. त्यामुळे एक बाइट म्हणजे तारेवरचे १० बिट, आणि भागायचं ते १० ने: १,५०० भागिले १० बरोबर १५०. त्याच हिशेबाने ३ गिगाबिटची साटा ३०० मेगाबाइट आणि ६ गिगाबिटची ६०० मेगाबाइट. सुरुवातीचा तो ६ म्हणजे हा.

मग इथरनेटला १० ने का भागायचं नाही? तिथेही तारेवर जादाचे बिट जातातच. १०० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये तारेवर प्रत्यक्षात सेकंदाला १२५ दशलक्ष ठोके पडतात, कारण दर ४ बिटांसाठी ५ पाठवले जातात. पण इथरनेटवाल्यांनी नाव देताना जादाचे बिट आधीच वजा केले आणि साटावाल्यांनी ते नावात ठेवले. दोघांचंही चूक नाही, मोजायची जागा वेगळी आहे इतकंच. मला विचाराल तर इथरनेटवाल्यांची पद्धत जास्त प्रामाणिक.

यूएसबीमध्ये तर दोन्ही प्रकार सापडतात. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट ८ ने भागायचे, ६० मेगाबाइट येतात. यूएसबी ३.० चे ५ गिगाबिट मात्र साटासारखे १० ने भागायचे, ५०० मेगाबाइट. १० गिगाबिटच्या यूएसबीत जादाचे बिट खूप कमी केले आहेत, १२८ मागे फक्त ४, त्यामुळे तिथे जवळपास १,२०० मेगाबाइट निघतात. यूएसबी ३.० चं नाव नंतर दोनदा बदललं, आधी ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १. म्हणून खोक्यावरचं नाव वाचत बसू नका, ५ गिगाबिट की १० गिगाबिट एवढाच आकडा शोधा.

सगळं एका जागी हवं असेल तर हा तक्ता जपून ठेवा:

| जोडणी | लिहिलेला आकडा | भागाकार | मेगाबाइट प्रति सेकंद |
|---|---|---|---|
| डायल-अप मोडेम | ५६ किलोबिट | ८ | ०.००७ |
| यूएसबी १.१ | १२ मेगाबिट | ८ | १.५ |
| फास्ट इथरनेट | १०० मेगाबिट | ८ | १२.५ |
| अल्ट्रा एटीए ३३ | ३३ मेगाबाइट | नाही | ३३ |
| फायरवायर ४०० | ४०० मेगाबिट | ८ | ५० |
| यूएसबी २.० | ४८० मेगाबिट | ८ | ६० |
| अल्ट्रा एटीए १०० | १०० मेगाबाइट | नाही | १०० |
| गिगाबिट इथरनेट | १ गिगाबिट | ८ | १२५ |
| अल्ट्रा एटीए १३३ | १३३ मेगाबाइट | नाही | १३३ |
| पहिली साटा | १.५ गिगाबिट | १० | १५० |
| अल्ट्रा ३२० स्कझी | ३२० मेगाबाइट | नाही | ३२० |
| यूएसबी ३.० | ५ गिगाबिट | १० | ५०० |
| आजची साटा | ६ गिगाबिट | १० | ६०० |

तक्त्यात गिगाबिट इथरनेट आणि अल्ट्रा एटीए १३३ जवळजवळ शेजारी बसलेत, हे बघण्यासारखं आहे. ज्या पट्टीवाल्या केबलला आपण आज भंगारात काढतो तिची क्षमता आजच्या घरगुती राउटरच्या गिगाबिट पोर्टएवढी होती.

फ्लॉपी आणि सीडी

फ्लॉपीचा स्पीड कुठे लिहिलेला नसतो, पण काढता येतो. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५. एका फेऱ्यात १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. १८ × ५१२ × ५ बरोबर ४६,०८० बाइट, म्हणजे सेकंदाला साधारण ४६ किलोबाइट. नेटच्या भाषेत ०.३७ मेगाबिट. हसू येतं ना? पण भारत सरकारच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला किमान २५६ किलोबिट स्पीड पुरेसा होता. ८ ने भागा: ३२ किलोबाइट. म्हणजे तेव्हाचं किमान ब्रॉडबँड फ्लॉपीपेक्षा हळू होतं. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट, म्हणजे २५० किलोबाइट झाली.

सीडीवर ‘५२ एक्स’ असं लिहिलेलं असतं. यातला एक एक्स म्हणजे १५० किलोबाइट, कारण गाण्यांची सीडी ज्या वेगाने वाजते त्या वेगाने डेटा वाचला तर एवढाच मिळतो. ५२ एक्स म्हणजे साधारण ८ मेगाबाइट, नेटच्या मापात ६४ मेगाबिट. तोही फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेला, आतल्या बाजूला त्याच्या निम्म्याहूनही कमी. डीव्हीडीचा एक्स मात्र वेगळा, १.३८५ मेगाबाइटचा. त्यामुळे १६ एक्सचा डीव्हीडी ड्राइव्ह ५२ एक्सच्या सीडी ड्राइव्हपेक्षा जवळपास तिप्पट डेटा देतो. जुन्या कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवर ‘१३३ एक्स’ दिसलं तर तो एक्स सीडीचा धरा: साधारण २० मेगाबाइट. आजच्या मायक्रोएसडी कार्डावरचा ‘क्लास १०’ म्हणजे सरळ लिहिण्याचा किमान स्पीड, १० मेगाबाइट.

घरात लग्नाची व्हीसीडी असेल तर तिचा हिशेब सोपा आहे. व्हीसीडीत चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट असतात. तासाभराची फिल्म सव्वासहाशे मेगाबाइटच्या आसपास जाते. म्हणूनच तीन तासांचं लग्न तीन सीडींवर यायचं.

१००० की १०२४?

स्पीडच्या जगात, म्हणजे नेट, आयडीई, साटा, यूएसबी सगळीकडे, मेगा म्हणजे सरळ दहा लाख. पण विंडोज फाइल मोजताना १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाइटला ‘एक एमबी’ म्हणते. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर विंडोजच्या खिडकीत १२.५ नाही, जास्तीत जास्त ११.९ दिसणार. ८० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ७४.५ दिसते तेही याच कारणाने; दुकानदाराने काही काढून घेतलेलं नाही. १०२४ वाल्या मापाला १९९८ मध्ये ‘मेबिबाइट’ असं वेगळं नाव दिलं गेलं, पण ते फारसं कुणाच्या तोंडी बसलं नाही.

फ्लॉपीने इथेही कमाल केली आहे. तिचा १.४४ म्हणजे १,४४० गुणिले १,०२४ बाइट. एकदा हजाराने आणि एकदा १०२४ ने. ना इकडचा मेगाबाइट, ना तिकडचा.

वेळेचा अंदाज काढायला हा फरक सोडून दिला तरी चालतो. मेगाला जेमतेम ५ टक्के, गिगाला ७ टक्के.

आता खरा हिशेब

घाटात पुढे लोड भरलेला ट्रेलर असला की मागे कितीही भारी गाडी असो, सगळे त्याच्याच स्पीडने चढतात. डेटाचंही तसंच. डिस्कपासून क्लाऊडपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचा आकडा मेगाबाइटमध्ये लिहून काढा. सगळ्यात लहान जो असेल तोच तुमचा स्पीड.

माझ्या टेबलावर आत्ता ८० जीबीची एक आयडीई डिस्क आहे, तिच्यात ६० जीबी डेटा आहे. टप्पे बघू.

पहिला टप्पा डिस्कची केबल: १०० मेगाबाइट. दुसरा टप्पा डिस्क स्वतः. हे अनेकजण विसरतात. अल्ट्रा एटीए १०० हा आकडा केबलचा आहे, आत फिरणाऱ्या तबकडीचा नाही. त्या काळातल्या अशा डिस्क बाहेरच्या कडेला ५०-६० मेगाबाइट देतात आणि आत सरकत गेलं की जवळपास निम्मे. सरासरी ४० धरा. तिसरा टप्पा यूएसबी कन्व्हर्टर. यूएसबी २.० चा असेल तर कागदावर ६०. पण यूएसबीवर डेटा सेकंदाच्या ८,००० व्या भागाच्या तुकड्यांत जातो आणि एका तुकड्यात ५१२ बाइटची जास्तीत जास्त १३ पाकिटं बसतात. म्हणजे ५३ मेगाबाइटची कमाल मर्यादा तिथेच ठरली. शिवाय एकाच तारेवर येणं-जाणं आळीपाळीने, त्यामुळे हातात ३०-३५ पडतात.

सगळ्यात लहान आकडा ३२ धरू. ६० जीबी म्हणजे ६०,००० मेगाबाइट. भागिले ३२, म्हणजे १,८७५ सेकंद, साधारण अर्धा तास. हजारो छोटे फोटो असतील तर डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळत राहतं, म्हणून दुप्पट-तिप्पट वेळ धरा. तरी एका संध्याकाळचं काम.

यावरून कन्व्हर्टरचा प्रश्नही सुटतो. यूएसबी ३.० चा घेतला तर मर्यादा डिस्कची, ४०. स्वस्तातला घेतला तर ३२. एकाच डिस्कसाठी सहा-सात मिनिटं वाचवायला जास्त पैसे द्यायची गरज नाही. पुढे साटाच्या डिस्कही त्यावर लावायच्या असतील तर मात्र ३.० चा घ्या. आणि जुना कॉम्प्युटर चालू करून त्याच्या यूएसबीतून पेन ड्राइव्हवर कॉपी करणार असाल तर आधी ते पोर्ट १.१ चे आहेत का बघा. तिथे कागदावरच १.५ मेगाबाइट, हातात १ च्या आसपास. ६०,००० सेकंद म्हणजे १६ तास ४० मिनिटं.

आता नेट. इथे डाउनलोड नाही, अपलोडचा आकडा लागतो आणि बऱ्याच प्लॅनमध्ये, मोबाइलवर तर नेहमीच, तो बराच कमी असतो. स्पीड टेस्टमध्ये अपलोड २० मेगाबिट आला तर ८ ने भागून २.५ मेगाबाइट. ६०,००० भागिले २.५ म्हणजे २४,००० सेकंद, ६ तास ४० मिनिटं. पाकिटांचे पत्ते वगैरे सोपस्कार धरून सव्वासात तास. मोबाइलवर अपलोड ५ मेगाबिट असेल तर हेच २६ तासांच्या पुढे जातं. त्यात रोजच्या २ जीबीचा प्लॅन असेल तर हिशेब स्पीडचा राहतच नाही, ३० दिवस लागणार.

म्हणजे ज्याला आपण म्हातारी समजतो ती डिस्क या साखळीत कुठेच आडवी येत नाही. अपलोडपेक्षा ती किमान दहापट वेगवान आहे. आणि इथेच लोक एक धोकादायक गोष्ट करतात: कन्व्हर्टरला डिस्क लावून त्यातूनच थेट क्लाऊडवर अपलोड सुरू करतात. वीस वर्षं पडून असलेल्या डिस्कला अर्ध्या तासाच्या कामासाठी सात तास फिरवत ठेवायचं, तेही कदाचित उघड्यावर, पंख्याशिवाय. तसं करू नका. आधी सगळं लॅपटॉपवर किंवा नव्या डिस्कवर उतरवून घ्या, जुनी डिस्क बंद करून बाजूला ठेवा आणि मग अपलोड रात्रभर चालू द्या. तो तुटला तरी पुन्हा लावता येतो.

वायफाय, राउटर आणि फोनचा पोर्ट

लॅपटॉपवरून फोनवर वायफायने फोटो पाठवायचे असतील तर फोनमध्ये दिसणारा लिंक स्पीड बघा. ४३३ मेगाबिट दिसला तर ८ ने भागून ५४ येतात, पण वायफायमध्ये हवा सगळ्यांची एकच असते आणि एका वेळी एकानेच बोलायचं असतं. निम्मे धरा, २५-३०. २.४ गिगाहर्ट्झवर ७२ मेगाबिट दिसला तर हातात ४-५ मेगाबाइट.

राउटरचे मागचे पोर्टही तपासा. स्वस्तातल्या अनेक राउटरचे पोर्ट अजूनही १०० मेगाबिटचेच असतात. प्लॅन २०० चा असला तरी त्या पोर्टच्या केबलवर १२ मेगाबाइटच्या वर काही मिळणार नाही, आणि दोष मात्र नेटवाल्याला दिला जातो.

फोनला केबल जोडणार असाल तर टाइप-सी म्हणजे वेगवान असा समज काढून टाका. टाइप-सी हा नुसता पोर्टचा आकार आहे. बऱ्याच बजेट फोनमध्ये आत यूएसबी २.० च असतं. आयफोन १५ मध्येसुद्धा टाइप-सी आलं ते ४८० मेगाबिटचंच, १० गिगाबिट फक्त प्रो मॉडेलना मिळालं.

डिस्क थेट फोनला लावायची असेल तर

ओटीजीने लावता येते, पण मी तसं सुचवत नाही. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, ते फोन देत नाही. कन्व्हर्टरसोबत वेगळा पॉवर अडॅप्टर येतो तो लावावा लागतो. लॅपटॉपच्या अडीच इंची आयडीई डिस्कला ४४ पिना असतात आणि पॉवर त्यातूनच जाते, तिच्यासाठी कन्व्हर्टरवर वेगळी जागा बघा. एक्सपीच्या काळातली डिस्क बहुधा एनटीएफएसमध्ये असते आणि ते बऱ्याच अँड्रॉइड फोनना वाचता येत नाही. फोनने ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि डिस्क लॅपटॉपला लावा. तिथेही दिसली नाही तर मागचा छोटा जंपर ‘मास्टर’वर आहे का बघा, बहुतेक कन्व्हर्टरना तो तसाच लागतो.

डिस्क लावल्यावर टक-टक असा एकसारखा आवाज आला तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, पुन्हा-पुन्हा चालू करून बघू नका. आवाज ठीक असेल तर आधी फोटोंचे फोल्डर घ्या, मग व्हिडिओ, आणि गाणी-सिनेमे अगदी शेवटी. गुगलच्या फुकट १५ जीबीत ६० जीबी बसणार नाहीच. पण नुसते त्या काळच्या २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातले फोटो असतील तर एकेक फोटो साधारण १ मेगाबाइटच्या आतच असतो. ४,००० फोटो म्हणजे ४ जीबी, आणि २० मेगाबिटच्या अपलोडवर अर्ध्या तासाचं काम.